तीनशे बारा पायऱ्या

सोमवार, २ जून. बोटीवर.

निघालो! सत्याहत्तराव्या वर्षी, एकटा! पाठीवर पिशवी, डोक्यात आमच्या शाळेतल्या तोर्दिस बाईंची कविता. चौदाही कडवी. तिसरीत पाठ झाली ती झाली.

धक्क्यावर पोचवायला अख्खी स्मारक समिती आली होती. सातपैकी सहा, सातवा मी. आमच्या उत्तर नॉर्वेच्या बेटावर, शाळेच्या भिंतीवर बाईंच्या ‘बर्गेन’ कवितेची पितळी पाटी लागणार आहे. तारीख २३, भर उन्हाळ्यातली सेंट हान्सची शेकोटी पेटते ती संध्याकाळ. बाई आता शहाण्णव वर्षांच्या, पण चाकांच्या खुर्चीवरून का होईना, स्वतः येणार. त्यांच्यासमोर कविता म्हणायची कोणी, यावर चार बैठका झाल्या. कॉफी किती झाली ते विचारू नये. तीन मतं मला, तीन सिग्वार्तला. मग अध्यक्षीणबाई गुन्वोरने (पूर्वी पोस्टात होती, अजून बोलताना शिक्का मारल्यासारखी टेबलावर मूठ आपटते) निकाल दिला.

“आयलिफ, तुला कविता येते, पण बर्गेन तू पाहिलेलं नाहीस. सिग्वार्त बर्गेनला राहिलाय, पण त्याला कविता येत नाही. न पाहिलेल्या गावाची कविता म्हणणार कशी? तू जाऊन ये. मग दोन्ही नावं बाईंपुढे ठेवू. त्या म्हणतील तो.”

सिग्वार्त! लहानपणी माझ्याच बाकावर बसायचा. सोळाव्या वर्षी जहाजावर गेला, पुढे अकरा वर्षं बर्गेनला बिऱ्हाड. कवितेतलं एक कडवं धड येत नाही आणि उमेदवार! आज धक्क्यावर खिशात हात घालून उभा होता. माझ्या पायांकडे बघत म्हणाला, “बूट चांगले आहेत. लागतील.” बस्स. एक शुभेच्छा नाही, काही नाही!

मला आयुष्यात फार काही मिळवायचं नव्हतं, ही वही साक्षीला आहे. पण बाईंसमोर उभं राहून ती कविता एकदा म्हणायची आहे. तिसरीत बक्षीस समारंभाला मीच म्हणणार होतो. त्या सकाळी गोवर उठला. त्याला एकोणसत्तर वर्षं झाली.

मंगळवार, ३ जून

समुद्र. धुकं. ब्रेडवर तपकिरी चीज. डेकवर कविता दोनदा म्हटली. शेजारच्या जर्मन जोडप्याने खुर्च्या बदलल्या.

गुरुवार, ५ जून. बर्गेन!

पोचलो. वेंके नावाच्या बाईंकडे माडीवरची खोली घेतली आहे. दार उघडताच म्हणाल्या, “नॉर्वेतून आलात वाटतं?”

“हे नॉर्वेच ना?”

“छे हो! हे बर्गेन.” चेहरा इतका गंभीर, की मी जवळजवळ माफी मागितली.

बॅग टाकली आणि थेट मासळी बाजार गाठला. कवितेची सुरुवातच तिथून होते —

धक्क्यावरती बाजार भरे,
तेथुन जिना नभाशी जाई;
शंभर, शंभर, शंभर, बारा —
वरती घंटा गाणे गाई!

आठवलं सगळं! शेगडीवर वाळत घातलेल्या लोकरी हातमोज्यांचा वास, आणि ‘शंभर’ला आम्ही सगळ्यांनी एकदम आपटलेले पाय. तिसऱ्या शंभरला खिडकीची काच थरथरायची. ‘बारा’ला बाई बोट वर करायच्या, आणि मग शांतता — त्या शांततेत मला खरोखर घंटा ऐकू यायची. खिडकीबाहेर होत्या नुसत्या कॉड मासे वाळवायच्या मांडण्या आणि गल पक्षी. पण ऐकू यायची!

डोळे पुसून पुढे झालो. मासे विकणारा इटलीचा निघाला. आमच्याच समुद्रातला कॉड त्याने काडीला टोचून मला चाखायला दिला. मला! त्याला विचारलं, “तीनशे बारा पायऱ्यांचा जिना कुठून सुरू होतो?”

तो म्हणाला, “व्हेलचं मांस? देऊ का?”

शुक्रवार, ६ जून

दिवसभर पायी. बाजारामागून डोंगराकडे गल्ल्या चढतात आणि प्रत्येकीत जिना आहे. बर्गेनला जिन्यांचा तुटवडा नाही.

पहिला: ७१. वर मोटारी लावायची जागा.
दुसरा: १४३. वर पाळणाघर. घंटा नव्हती, पण आवाज घंटेच्या वर.
तिसरा: ९६ वर आकडा विसरलो. खाली आलो. परत ९६ वर विसरलो — त्याच पायरीवर एक मांजर बसतं.

मोजता मोजता एका तरुणीला विचारलं. म्हणाली, “जिना कशाला, आजोबा? डोंगररेल्वे आहे ना. सहा मिनिटांत वर.” या लोकांना सहा मिनिटांत वर जाऊन करायचं काय असतं कोण जाणे.

शनिवार, ७ जून

पाय सुजले. ६४, ११२ आणि १३८. अजून नाही. बाईंनी काही तरी खूण सांगायला हवी होती. पण कविता ही कविता असते, बसचं वेळापत्रक नव्हे.

रविवार, ८ जून. पेंटेकॉस्टचा सण.

आज सगळं शहर डोंगरावर. चर्चमध्ये मोजून नऊ डोकी — मला धरून.

वेंकेबाई म्हणाल्या होत्या, “पायऱ्याच मोजायच्यात तर सांडविकेन वस्तीच्या वर, डोंगरावर जा. पोटभर मोजा.” गेलो. दगडी पायऱ्या, उभा चढ! चारशेला दम संपला आणि डोंगर अजून माझ्याकडे वरूनच बघत होता. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधल्यात म्हणे. बायाबापड्या घट्ट चड्ड्या घालून त्यावरून पळत जातात, वर पोचल्यावर मनगटावरचं घड्याळ बघतात आणि खाली येतात. देखावा बघताना कोणी दिसलं नाही.

एक शोध मात्र लागला. शहरात कोणी कोणाला ओळख देत नाही. सकाळी बसथांब्यावर एक बाई होत्या — पिवळं जाकीट. त्या आणि मी मध्ये एक गाय मावेल इतक्या अंतरावर उभे, दोघेही रस्त्याकडे बघत. त्याच बाई वरच्या वाटेवर भेटल्या. “हाय! छान हवा ना!” मला संत्र्याच्या दोन फोडी दिल्या, गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगितली, नवऱ्याचीही सांगितली. खाली उतरताना रस्त्यावरचा पहिला दिव्याचा खांब आला मात्र — बाई माझ्याकडे बघेनाशा झाल्या. मी मुद्दाम खांबाच्या वरच्या बाजूला, वाटेवर जाऊन पुन्हा “हाय” म्हटलं. त्यांनी खालून उत्तर दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

सोमवार, ९ जून

सणाची सुट्टी. सगळं बंद. गुन्वोरचा फोन.

“सापडला?”

“जवळ आलोय.”

“इतिवृत्तात जागा रिकामी सोडलीय. फार रिकामी ठेवता येत नाही.”

“गुन्वोर, तू गेली होतीस ना? कुठल्या बाजूने चढलीस?”

पलीकडे टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज. मग म्हणाली, “छत्तीस-सदतीस वर्षं झाली रे. सरळच गेले,” आणि फोन ठेवला.

गुन्वोरचा त्या जिन्यावरचा फोटो आमच्या समाजगृहात लावलेला आहे — कठड्याला धरून, पदक मिळाल्यासारखी. म्हणजे जिना आहे! १९४४ साली बंदरात स्फोट झाला, त्यात गेला म्हणावं, तर हा फोटो नंतरचा.

मंगळवार, १० जून

आज एकही पायरी मोजली नाही.

सकाळी बाजाराजवळच्या एका छोट्या इतिहास मंडळात गेलो. तळघरातली खोली, जुने नकाशे, आणि यॉस्टाइन नावाचा दाढीवाला गृहस्थ — पायात नुसते लोकरी मोजे. मी तोंड उघडलं, “मला एक जिना —”

“तीनशे बारा पायऱ्या?” तो म्हणाला. “वर घंटा?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“उत्तरेकडचे ना तुम्ही? बोलण्यावरूनच वाटलं.” तो उठला आणि कपाटातून एक पातळ फाइल घेऊन आला. वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: नसलेला जिना.

“नसलेला?”

“आजोबा, आमच्याकडे तीनशे वर्षांचे नकाशे आहेत. आगी लागल्या, स्फोट झाला, गल्ल्या हलल्या — पण असा जिना कधीच नव्हता. १९६३ पासून नऊ जण विचारून गेले. सगळे एकाच बेटावरचे. आमच्या आधीच्यांनी सह्या घेऊन ठेवल्या. तुम्हीही करा ना, दहा होतील. मला यादी पूर्ण झालेली आवडते.”

मी नावं वाचली. आमचे हेडमास्तर. चर्चमध्ये गाणी सांगायचे ते आबा. डेअरीचा मॅनेजर. नवव्या नावाखाली पट्टीने ओढलेली रेघ — गुन्वोर, १९८८. हे सगळे परत येऊन आम्हाला काय सांगायचे! “तंतोतंत कवितेतल्यासारखा!” आबांना तर घंटेचा सूरही आठवत होता.

“पण गुन्वोरचा फोटो?”

“काळं लोखंडी रेलिंग, टोकाला गोळा?” यॉस्टाइन म्हणाला. “पोहण्याच्या तलावाची मागची बाजू. दुपारी जा. उजेड चांगला असतो.”

सिग्वार्तचं नाव नव्हतं! पुन्हा पुन्हा बघितलं. अकरा वर्षं या शहरात काढली आणि एकदाही चौकशी करावीशी वाटली नाही! असा माणूस कविता म्हणणार!

बाकावर बसून बराच वेळ विचार केला. बाई शहाण्णव वर्षांच्या. या वयात त्यांना जाऊन सांगायचं, की तुमचा जिना नाही? हा क्रूरपणा एखादा खलाशी करील. ज्याचं मन कवितेवर पोसलं आहे, त्याच्या वाट्याला अशा वेळी नाजूक कर्तव्य येतं. मी ते पत्करलं. कोणाला कळणार नाही, पण मला माहीत राहील.

तीन वाजता तलावामागे गेलो. एका जपानी पर्यटकाने फोटो काढून दिला. उजेड खरंच चांगला होता.

रात्रीची बोट.

शनिवार, १४ जून. घरी.

समितीची बैठक. अहवाल उभं राहून वाचला. “पायऱ्या तीनशे बारा. दोनदा मोजल्या. वर घंटा. समुद्र दिसतो.” फोटो फिरवला.

गुन्वोरने फोटोतलं रेलिंग निरखून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी वॅफलकडे पाहिलं.

“इतिवृत्तात घ्या,” ती म्हणाली.

सिग्वार्त कॉफी ढवळत होता. “तीनशे बारा?”

“तीनशे बारा.”

“दोनदा मोजल्यास?”

“दोनदा.”

“बरं,” म्हणाला आणि टोपी घालून उठला. वॅफल तसंच टाकून. जळफळाट, दुसरं काय!

रविवार, १५ जून

वृद्धाश्रमात बाईंकडे गेलो. खिडकीशी बसल्या होत्या, गुडघ्यावर गोधडी. हात हातात घेतला. इतका हलका! याच हाताचं बोट ‘बारा’ला वर जायचं.

“ये आयलिफ. जाऊन आलास म्हणे.”

“आलो, बाई. अगदी कवितेतल्यासारखं.”

“कठडा आहे का रे त्याला?”

“लोखंडी. गार लागतो हाताला.”

“आणि घंटा?”

“दोनदा वाजली. मी टोपी काढली.”

मग मला आवरेना. वारा सांगितला, पायऱ्यांवरची फुलं सांगितली, शेवटच्या पायरीवर बसलेलं मांजर सांगितलं (ते तरी खरं होतं). बाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “निबंधात तुला नेहमीच जास्त मार्क असायचे.”

“बाई, तेवीस तारखेला —”

“गुन्वोरने दोन्ही नावं कळवलीत. लिहून पाठवते मी.”

दाराशी आलो तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. थकल्या असतील. घरी येईपर्यंत चौदाही कडवी मोठ्याने म्हटली. नवा कोट काढून ठेवला आहे.

सोमवार, १६ जून

कोट इस्त्री केला. चौथ्या कडव्यात जरा घाई होते, तिथे थांबायला हवं.

मंगळवार, १७ जून

बाईंचं कार्ड आलं. गुन्वोरने ते माझ्या दारातच, आत न येता, वाचून दाखवलं. अक्षर थरथरतं होतं म्हणाली, पण ओळी सरळ:

“कविता सिग्वार्त म्हणेल. अडला तर पुढची ओळ मी सांगेन. १९७१ च्या उन्हाळ्यात तो बोटीवरून उतरून तसाच माझ्याकडे आला होता, टोपी हातात धरून. म्हणाला, ‘बाई, मी सगळीकडे बघितलं. तिथे जिना नाही.’ मी बर्गेनला कधीच गेलेली नाही, हे आयुष्यात मला एकट्या त्यालाच सांगता आलं. बाकीचे दहाही जण वर जाऊन घंटा ऐकून आले होते.”