गुडघ्यापासून घड्याळापर्यंत

१ मार्च, रविवार

ताईचा फोन. अकरा वर्षांनी येतेय. अठराला पोचणार, बावीसला संध्याकाळी परत. बाबा म्हणाले, की आम्ही तिन्ही भावंडं, सुना, जावई, सगळे एका फोटोत हवेत, तसा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. वय शहाऐंशी. एवढंच मागितलं. धाकट्याने लगेच विचारलं, स्टुडिओवाल्याला सांगून ठेवू का. मी म्हटलं, घरात फोटोग्राफर असताना कशाला. त्यावर त्याने दोनदा विचारलं, नक्की ना. विषयाचं गांभीर्य कळलं असावं.

४ मार्च

सराव. बाबांना खिडकीपाशी खुर्चीत बसवून बारा फोटो. फोकस चेहऱ्यावर. बाराही फोटोंत गुडघे अप्रतिम. पायजम्याच्या शिवणीचे टाके मोजता येतात. चेहरा धुरकट. बायको म्हणाली, की बाबाच आहेत, गुडघ्यांवरून ओळखले.

इंटरनेटवर दोन तास अभ्यास. दोष सापडला. कॅमेऱ्याचा फोकस पुढे पडतोय, कॅलिब्रेशन करायला हवं. मेन्यूत त्यासाठी उणे वीस ते अधिक वीस अशी सोयच आहे, अधिक केलं की फोकस मागे जातो. म्हणजे सात वर्षं हा कॅमेरा मला फसवत होता आणि बोलणी मी खात होतो.

उद्यापासून रोज एक तास शास्त्रीय चाचणी.

७ मार्च

उद्यापासून म्हणजे आजपासून. ट्रायपॉडचा स्क्रू सापडत नव्हता.

जेवणाच्या टेबलावर बाबांच्या औषधाचं खोकं उभं केलं, शेजारी पट्टी तिरकी टेकवली. खोक्यावरच्या अक्षरांवर फोकस करायचा आणि पट्टीवरचा कुठला आकडा स्पष्ट येतो ते बघायचं. अलीकडचा आला तर फोकस पुढे, पलीकडचा आला तर मागे. ट्रायपॉडवरून वीस फोटो. वीसच्या वीस बरोबर खोक्यावर. काडीचाही फरक नाही.

कॅमेरा लबाड आहे. परीक्षेत गुणी, एरवी ओवाळून टाकलेला. या गडबडीत बाबांची दुपारची गोळी दीड तास लांबली, त्यावरून घरात गरजेपेक्षा जास्त चर्चा झाली.

१० मार्च

जिन्याखालच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हातारा माणूस, ऐकून घेतो पण हातातलं काम सोडत नाही. म्हणाला, की ट्रायपॉडवर नीट येतं आणि हातात घेतलं की बिघडतं, तर कॅमेऱ्याला हात लावू नका, हाताकडे बघा. कॅलिब्रेशन हवं असतं तर ट्रायपॉडवरही तेवढाच फोकस चुकला असता.

अनुभवी माणसं अशी अडून बसतात. शिवाय त्याच्या दुकानाची पाटी तिरकी आहे. ज्याला पाटी सरळ लावता येत नाही त्याने मला फोकस शिकवावा?

१४ मार्च

यश. स्वतःच्या जबाबदारीवर सेटिंग अधिक दहा केलं. बाबा खुर्चीत, कॅमेरा हातात. आता शर्टाचं तिसरं बटण स्पष्ट. अधिक पंधरा केलं. चेहरा! भुवईचा केस न केस. बाबा म्हणाले, झालं असेल तर उठू का. दोन तास बसले होते बिचारे, पण विज्ञानाला वेळ द्यावा लागतो.

धाकट्याला फोन करून स्टुडिओवाला रद्द करवला. त्याने परस्पर सांगून ठेवलाच होता. मी मनावर घेतलं नाही.

१५ मार्च

बायकोने आज एक नवीनच खूळ काढलं. म्हणाली, की मी फोकस पकडतो, बटण अर्धं दाबून ठेवतो, मग सगळे मावावेत म्हणून एक पाऊल मागे सरकतो आणि मग फोटो काढतो. लग्न झाल्यापासून बघतेय म्हणे. मागे सरकलो की फोकसही तेवढाच माझ्याकडे येणार, म्हणून चेहऱ्याऐवजी गुडघे.

मी शांतपणे विचारलं, की मग अधिक पंधरावर चेहरा कसा आला. ती म्हणाली, की पावलाचा हिशोब त्या पंधरानी भरून निघाला असेल, आणि कणीक मळायला गेली. ज्यांचा यातला अभ्यास नाही त्यांच्याशी वाद घालू नये.

१९ मार्च

ताई आली. बाबा तिच्याकडे नुसते बघत बसतात. ती केस पिकलेली, तरी त्यांनी तिला विचारलं, की नीट जेवतेस का. मला भरून आलं. फोटो काढायला हवा होता, पण कॅमेरा चार्जिंगला होता. असो. खरा फोटो रविवारी.

२२ मार्च, रविवार

फत्ते. बाबा मध्ये खुर्चीत, ताई आणि भावजी, धाकटा आणि त्याची बायको, माझी बायको, मागे भिंत आणि घड्याळ. मागचं सगळं विरघळून जावं म्हणून लेन्स पूर्ण उघडी. सगळ्यांचे मोबाईल बॅगेत ठेवायला लावले, नाहीतर नजरा भरकटतात. बायको म्हणाली, की तुम्हीही फोटोत हवे, बाबांनी सगळे म्हटलंय. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर, बाबांच्या चेहऱ्यावर फोकस, दहा सेकंदांचा टायमर, आणि मी पळत जाऊन ताईशेजारी. एकवीस फोटो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे झकास दिसले.

मोठे करून बघणार तेवढ्यात टॅक्सीवाला बॅगा न्यायला वर आला. ताईने बॅगेतून मोबाईल काढून त्याच्या हातात दिला, दादा, एक काढा म्हणाली. त्याने खांद्यावरची बॅगही खाली ठेवली नाही. उजेड बघितला नाही. क्लिक, झालं. मी तिकडे लक्षच दिलं नाही.

२३ मार्च

फोटो कॉम्प्युटरवर टाकले.

घड्याळ उत्तम आलं आहे. चार वाजून दहा मिनिटं. काचेवरची धूळ दिसते. घड्याळाशेजारचा रिकामा खिळाही आला आहे. माणसं सात, हे मला माहीत आहे म्हणून कळतं.

एकवीसच्या एकवीस.

संध्याकाळी ६. शक्यता: लेन्सवर वाफ. फरशीचा उतार. ट्रायपॉडचा स्क्रू. ट्रायपॉडवर मी मागे सरकलो नाही आणि सेटिंग अधिक पंधरावरच होतं, हा योगायोग असू शकतो. बायको काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२५ मार्च

बाबांनी विचारलं, फोटो आला का. मी म्हटलं, प्रोसेसिंग चालू आहे.

२६ मार्च

बाबांनी विचारलं. प्रोसेसिंग.

२७ मार्च

बाबांनी विचारलं नाही. हे जास्त लागलं. ताई विमानात बसून गेली, आता पुढची अकरा वर्षं कोणी मोजायची.

२९ मार्च, रविवार

धाकटा आला. टॅक्सीवाल्याने काढलेला फोटो ताईने पाठवला होता, तो मोठा करून, फ्रेम करून आणला. घड्याळाशेजारच्या रिकाम्या खिळ्यावर लावला.

बाबांचे गुडघे स्पष्ट, चेहरा स्पष्ट, मागचं घड्याळही स्पष्ट. बाबा ताईचा हात धरून हसतायत. सगळे समोर बघतायत. कडेला मी आहे, मान खाली, कॅमेऱ्याची बटणं दाबतोय. माझं टक्कल अगदी फोकसमध्ये.

बाबांनी बोट लावून माणसं मोजली. सात झाली तेव्हा समाधानाने मान हलवली. मग परत माझ्यावर बोट ठेवून विचारलं, की हा खाली काय शोधतोय. बायकोने सांगितलं, की फोकस. बाबा म्हणाले, असू दे, आहे ना फोटोत.

ते झोपल्यावर सेटिंग शून्यावर आणलं. मग फोटो पुन्हा बघायला गेलो. भिंतीपाशी उभा राहिलो, सगळे एका नजरेत मावेनात, म्हणून एक पाऊल मागे सरकलो. बायको दारात उभी होती. मी सरकलो ते तिने पाहिलं.