टॉवेलखालची कडी

२ मार्च २०२४
पुडके-बांधणी यंत्र पूर्ण. विडीच्या तेंदूची सत्तर पानं बांबूच्या चौकटीत ठेवायची, सायकलचा ब्रेक दाबायचा. ट्यूबची रबरी कडी सरकते आणि पुडकं आवळून धरते. मग दोर निवांत बांधा. सगळी करामत कडीत आहे. बारावी राहिली, पण पेटंटला मार्कशीट लागत नाही. दोनदा तपासलं.

५ मार्च
चंद्रपूरला कुलदीप वकिलांकडे. म्हणाले, आधी प्राथमिक अर्ज टाक, पक्क्यासाठी वर्षभर मिळते. पण आत्ताच सगळं लिही बापू. जे लिहिलं नाई, त्याले या अर्जाची तारीख लागू नाई.
मान हलवली. एवढे शिकलेले, पण भोळे. अर्ज चोराच्या हाती लागला तर?

९ मार्च
अर्ज स्वतःच लिहिला. हिंदीत, साडेतीन पानं. शुद्धलेखन चारदा तपासलं. बांबूची जाडी, ब्रेकचा रंग, सगळं आहे. कडीच्या जागी : ‘इसके बाद एक विशेष पुर्जा अपना कार्य करता है.’ आकृतीत कडीवर टॉवेल काढला. घड्या छान आल्या.

१४ मार्च, दुपारी १.१०
अर्ज दाखल. नंबर आला. आता भीती संपली.
(वकिलांना दाखवला नाही. ते सुधारणा सुचवत बसतात.)

७ मे
पानांचा हंगाम. आई म्हणे, बायांची बोटं सोलून राह्यली, अन् तू यंत्र पोत्यात झाकून ठेवतं काऊन?
अर्ज दाखल आहेच, म्हणून तेंदूपान केंद्रावर नेलं. पुडकी बांधणाऱ्या सोनीबाई म्हणाल्या, हे रबर काय करून राह्यलं रे? सगळ्यांसमोर उलगडून दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनीच मला दाखवलं.

१० मार्च २०२५
पक्का अर्ज घेऊन चंद्रपूरला. नऊ पानं, कडीसकट. वकिलांनी जुना अर्ज उघडला. आकृतीकडे बराच वेळ बघितलं. विचारलं, हा टॉवेल यंत्राचा भाग हाय का?
सांगितलं.
म्हणाले, मंग जुन्या तारखेत कडीच नाई. मधात कोणाले दाखवली तर नाई ना?
तेही सांगितलं.
म्हणाले, पेटंट नव्या गोष्टीलेच मिळते. मंग कडी नवी राह्यली कुठी?
नंतर चहा मागवला. नऊ पानांचं मात्र कौतुक केलं. म्हणाले, असं लिहावं लागते, हे वाचून कोणीही यंत्र बनवू शकते.
आमच्या केंद्रावर अकरा जणींनी न वाचताच बनवलंय. त्यातली एक आई.