चाळिसातून उरलेल्या सात कंदांबाबत

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा फुलबाग, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून लिहून घेत नसताना, माझ्या पश्चात काय कोणाला जावे ते लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र मी स्वतः फाडले आहे. ते लिहिताना मी फारच भोळी होते.

१. घर व बँकेतली ठेव मुलाला. तो बाग विकणार, हे मला ठाऊक आहे. "आई, फुलं काय, बाजारात मिळतात," म्हणतो. गाढवाला गुळाची चव काय! पण पोटचा आहे.

२. कंद उकरायचा काटा, चाळण्या आणि वाळवणाच्या फळ्या शेजारच्या नर्सबाईंना. त्या नेलेली वस्तू धुऊन परत आणतात. हा गुण माझ्या घरात कोणात नाही.

३. काळपट जांभळा ट्यूलिप मी बियांपासून तयार केला. पहिले फूल यायला सहा वर्षे लागली, त्याचे चाळीस कंद व्हायला आणखी अकरा. माझा नवरा गेला त्या सकाळी धाकट्या बहिणीने, जिचे फुलांच्या सजावटीचे दुकान आहे, मला न विचारता चाळीसच्या चाळीस फुले कापली. लांब देठ हवेत म्हणून पानांसकट, अगदी मातीलगत. फूल कापले तरी चालते, पण पाने गेली की कंद उपाशी मरतो. हे तिला मीच शिकवले होते.

तिरडी पाहून लोक म्हणाले, "काय सुंदर सजवलंय!" ती रडत म्हणाली, "ताई, भावोजींना बागेतलं सगळ्यात चांगलं द्यावंसं वाटलं गं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नवऱ्यासाठी रडायचे सोडून मी त्या फुलांची पाने मोजत उभी राहिले. कंद गेले ते सोसले असते. माझे रडणे गेले, ते मी तिला आजही माफ केलेले नाही.

४. जगलेले सात कंद जाळून टाकावेत असे मी दोनदा लिहिले, दोनदा खोडले. ते बहिणीला द्यावेत. त्यांची किंमत तिच्याइतकी कोणालाच कळत नाही, हीच माझी अडचण आहे. अट एकच: तीन वर्षे कळी दिसताच तिने ती स्वतःच्या हाताने खुडावी, म्हणजे कंद भरतील. पाने पिवळी पडून आपोआप सुटेपर्यंत त्यांना हात लावू नये.

५. वकिलांनी हे तिला एकटीला वाचून दाखवावे. ती रडेल. तिला पोटभर रडू द्यावे. मध्येच कोणी पाणी घेऊन धावू नये.

साक्षीदार: घरचे डॉक्टर (मी शुद्धीवर असल्याचे यांनी दोनदा तपासले), सही.
खतवाले, सही.
लिहून ठेवणार: थोरली बहीण, सही.
ठिकाण: कंद वाळवायची खोली. दिनांक: नऊ जून.