सगळ्यांची कोठी

१२ जानेवारी

शेवटी चालू झाला! सकाळपासून जिन्याखालच्या कपाटात डोकं घालून बसले होते. मान पार आखडली. ऑफिसने मोडीत काढलेला जुना संगणक, त्यात दोन नव्या हार्ड डिस्क. एक साठवायला, दुसरी तिची नक्कल ठेवायला. खाली माझं घर, वर दादाचं, आई त्याच्याकडे. दोन्हीकडचं सगळं आता एका जागी येणार. कुणाचा फोन पडो, हरवो, पाण्यात जावो, फोटो आपले सुखरूप!

आईला समजावलं, ही आपली कोठी समज. ज्याने त्याने आपलं आणून ठेवायचं, ज्याला हवं त्याने बघायचं.

आई म्हणाली, "आणि उंदीर लागले म्हणजे?"

"म्हणून तर आत्याने मांजर ठेवलंय," भाची म्हणाली. चिमणीच ती, बोलायला मागे नाही. "ऐक की आजी, कसं गुरगुरतंय!" पंख्याचा आवाज. सगळे हसलो. दादासुद्धा.

१५ जानेवारी

जुन्या अल्बमचे फोटो चढवून झाले. गेल्या वर्षी टाकीचा पाइप फुटला आणि माळ्यावरचे अल्बम भिजून एकमेकांना चिकटले, तेव्हा वहिनीने आणि मी घरभर टॉवेल पसरले होते. वहिनी एकेका फोटोची कड फुंकर मारून सोडवायची, मी मोबाइलवर उतरवून घ्यायची. बरेच हातातच फाटले. उरलेल्यांना बुरशी आली, शेवटी टाकूनच द्यावे लागले. पण त्या दिवसांत वहिनीचं नि माझं किती जमलं होतं! एक फोटो सुटला की दोघी "आला, आला" करून ओरडायचो, जसं काही बाळच झालंय.

म्हणजे आता अल्बम काय तो कोठीतच.

१६ जानेवारी

सगळ्यांच्या फोनवर कोठीचं अ‍ॅप घातलं. फोटो काढला की आपोआप कोठीत, आणि फोनमधून आपोआप पुसला जाणार. फोन हलके! वहिनीने तिच्या फोल्डरला नाव काय दिलं, तर "नवीन खरंच नवीन". झापलं. नाव बदलून दिलं.

आईला माझा जुना टॅब दिला. उलटसुलट बोटं फिरवते. दोनदा ओरडावं लागलं तेव्हा कुठे कळलं.

सगळ्यांना एकच पासवर्ड ठेवला. वेगवेगळे दिले असते तर रोज जिना चढून आठवण करून द्यायची माझीच पाळी.

१८ जानेवारी

ऑफिसात संगणक बघतो त्या वायरमनला (खरं नाव कुणी घेतच नाही) मोठ्या अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "ताई, इथलं पुसलं तर तिथलंही पुसलं जाणार. याला बॅकअप नाही म्हणत. जुन्या प्रती ठेवायची सोय चालू केलीत ना?"

नाही केली. कचरा दोन-दोनदा कशाला साठवायचा? म्हटलं, "बाबा रे, माझ्या रेकॉर्ड रूममधून आजवर एक कागद हरवलेला नाही."

"तिथे कुलूप आहे आणि किल्ली तुमच्याकडे आहे," म्हणाला. आगाऊच आहे.

२ फेब्रुवारी

ऑफिसात तपासणी. दमले. कोठी व्यवस्थित.

१० फेब्रुवारी

जागा संपत आली! इतक्यात! चिमणीचे नाचाचे व्हिडिओ, दुसरं काय. घरच्या ग्रुपवर कडक शब्दांत लिहिलं: कोठी भरत आली आहे. प्रत्येकाने आपापलं नको असलेलं काढून टाकावं. मी पुन्हा सांगायची वाट बघू नये.

दादाने अंगठा दाखवला. चिमणी: "माझं सगळंच हवंय!" वहिनीने वाचलं, उत्तर नाही. आणि आईचं चक्क स्वतः टाइप केलेलं: "बरं". कौतुक वाटलं.

२० फेब्रुवारी

बरीच जागा मोकळी झालेली दिसतेय. बघा, दम दिला की कामं होतात.

६ मार्च

दादाला त्यांच्या लग्नातला जिन्यावरचा फोटो हवा होता. परवा लग्नाला पंचवीस वर्षं होतात, मोठा करून भिंतीवर लावू म्हणाला. कोठीत सापडेना. म्हटलं, तुला शोधता येत नाही. मी बसले शोधायला. नाही! लग्नातले निम्मे फोटो नाहीत. सहलीचे कितीतरी नाहीत. चिमणीच्या बारशाचे तर जेमतेम उरलेत. दुसऱ्या डिस्कवर गेले. तिथेही तेच. होणारच, नक्कलच ती.

फोनमध्येही नाहीत. मीच पुसायला लावले होते.



वहिनी वरून म्हणते कशी, "नाही सापडला तर बरंच झालं की. मी त्यात नुसती ढोली दिसते."

७ मार्च

दिवसभर डोक्यात तेच वाक्य. संध्याकाळी राहवलं नाही, वर गेले. दादा, आई, चिमणी सगळे तिथेच होते. सरळ विचारलं.

"वहिनी, लग्नाचे फोटो तुम्ही काढून टाकलेत?"

"मी? मी हातसुद्धा लावलेला नाही."

"कालच म्हणालात ना, बरं झालं म्हणून?"

"अहो, ती थट्टा होती."

मग मी बोलत सुटले. की तुमचे तुम्हाला नको असतील, पण त्यांच्याबरोबर सगळ्यांचे गेले. की फोल्डरला साधं नाव देता येत नाही, तर निदान नको तिथे बोट लावू नये. की ते सुटे करायला मी गुडघे मोडून बसले होते. (तीही बसली होती. ते मी बोलले नाही.) चिमणी उठून आत गेली. आई टॅबवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. दादा नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत.

वहिनी शेवटी एवढंच म्हणाली, "झालं का वन्सं तुमचं?"

एरवी ती मला ताई म्हणते.

८ मार्च

वहिनी स्वतः खाली आली. दारातच उभी राहिली. "काल मी विचार केला. झालं असेल माझ्याकडूनच. चुकून. आता विषय पुरे."

बघा! कालच कबूल केलं असतं तर एवढं रामायण झालं असतं का? तसं बोलूनही दाखवलं. ती गेली.

पण फोटो काही आले नाहीत.

१५ मार्च

वरून कुणी खाली येत नाही. चिमणी जिन्यात भेटली तर "घाईत आहे गं आत्या". दादाने भिंतीवर खिळा ठोकला होता, तो तसाच आहे. लग्नाचा वाढदिवस होऊन गेला, मला कुणी बोलावलं नाही.

मी आपली जागा किती उरलीय ते बघत बसते. भरपूर आहे.

१९ मार्च

वायरमनला घरी आणला. सगळ्यांचा पासवर्ड एकच असल्यामुळे कुणी पुसलं ते नुसतं बघून कळेना. सगळीकडे एकच नाव: "घर". मग त्याने आतली नोंद उघडली. कुठलं काम कुठल्या यंत्रावरून झालं ते तिथे लिहिलेलं असतं.

"वहिनींचा फोन यात कुठेच नाही," तो म्हणाला. "सगळं या एका टॅबवरून गेलंय. एकदम नाही हं. रोज थोडं थोडं. दुपारचं."

त्याला चहा विचारायचंही सुचलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर कोण, तर...

वायरमन नकलेची डिस्क घेऊन गेला आहे. काही वाचतं का बघतो म्हणाला.

२० मार्च

ऑफिसला गेलेच नाही. दादा आणि वहिनी बाहेर पडल्यावर वर गेले. आई खिडकीशी बसली होती. ओरडायचं नाही असं जिन्यातच ठरवलं होतं.

"आई, टॅबवरून फोटो तू काढलेस?"

तिने नाही म्हटलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तूच लिहिलं होतंस ना, आपापलं नको असेल ते काढा म्हणून? मग मी काय काढू? दादाचे कसे काढू? चिमणीचे? लेकराचे वाढतानाचे फोटो, ते कसे काढायचे? म्हटलं, आपले काढावेत."

"आपले म्हणजे?"

"ज्यात मी आहे ते गं. एकटीचे आधी काढले. मग उगाच कडेला उभी असायची ते. त्या जिन्यावरच्यात तर माझे डोळे मिटलेत. असला कुणाला हवाय? त्यांचे दुसरे होते की चांगले."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"आणि माझं काय एवढं," ती म्हणाली, "मला बघायचं तर जिना चढून यायचं. मी कुठे जातेय?"

खाली येऊन कोठी पुन्हा उघडली. वर्षावर वर्षं चाळली. सहलीत आम्ही सगळे आहोत, आई नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी फाटकात मी आहे, शेजारी आई होती, तो नाही. बारशात बाळ आहे, बाळाला घेतलेली नाही.

इतके दिवस आम्ही काय गेलं ते शोधत होतो. कोण गेलं ते एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी, जी रेकॉर्ड रूम सांभाळते!

एक विचारायचं होतं ते वर असतानाच विचारलं होतं: मग त्या दिवशी मी वहिनीला एवढं बोलत होते, तेव्हा तू गप्प का बसलीस? आई टॅबच्या कव्हराचा कोपरा नखाने खरवडत राहिली. म्हणाली, "चुकलंच माझं." आणि मग, "तू जेवलीस का?"

२१ मार्च

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मेसेज तर मीही वाचला होता. मी काहीच काढलं नाही. एकटीने तिनेच ऐकलं."

२४ मार्च

वायरमन डिस्क घेऊन आला. थोडेसे निघाले. तेही अर्धे. वरची पट्टी फोटोची, खाली नुसता राखाडी रंग. एकात आईचं कपाळ आणि भुवया. एकात कुणाच्या तरी खांद्यावर तिचा हात, त्यातल्या बांगड्यांवरून ओळखला. बाकीच्यांवर नवं काहीतरी लिहिलं गेलंय. मोकळी झालेली जागा कोठीने लगेच भरायला घेतली होती. चिमणीचे व्हिडिओ!

तो काहीच टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

जुन्या प्रती ठेवायची सोय आज चालू केली. सगळ्यांना वेगळे पासवर्ड दिले. वरातीमागून घोडं.

२७ मार्च

वहिनीची माफी मागितली. दोन दिवस शब्द जुळवत होते, ऐन वेळी एकही आठवला नाही. ती भाजी निवडत होती, मी समोर बसून निवडू लागले. म्हटलं, "वहिनी, मी फार वाईट बोलले. तुमचा काही संबंध नव्हता."

"जाऊ द्या हो."

"पण मग तुम्ही खाली येऊन कबूल का केलंत? न केलेलं?"

"मिटवायचं होतं. रोज किती भांडायचं?" तिने माझ्या हातातली जुडी घेतली. मी चांगली पानंही देठाबरोबर टाकत होते म्हणून.

ताई म्हणाली नाही. वन्संही म्हणाली नाही. कुठलीच हाक न मारता बोलली.

३० मार्च

आईचे फोटो काढायला लागले आहे. जमत नाही. कॅमेरा समोर धरला की ताठ होते, गुन्हेगार उभा केल्यासारखी. "झालं का? जाऊ मी?" विचारते. चिमणीने मात्र तिला हसवून दोन चांगले काढले. कोठीत आले. दुसऱ्या डिस्कवरही आलेत ना, ते दोनदा बघून घेतलं.

पण साठीतली आई? चिमणीला अंघोळ घालणारी आई? केस काळे असलेली? ती आता कुठून आणू? डोळे मिटून आठवायला गेले की अर्धी दिसते, आणि खाली राखाडी.

५ एप्रिल

आईच्या डोळ्यांत थेंब घालायला वर गेले. मान मागे टाकून, डोळे मिटून पडली होती. तशीच सहज बोलून गेली, "सूनबाईला मी, तू तिला बोललीस त्याच संध्याकाळी सांगितलं होतं गं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता खाली जाऊन सांगू या. मीच म्हटलं, नको. तुझा आवाज चढला की माझ्या छातीत धडधडतं. मग तीच म्हणाली, राहू द्या आई, माझ्या नावावर घाला. मला सवय आहे."

आतल्या खोलीत वहिनी इस्त्री करत होती. दार उघडं होतं. इस्त्री थांबली नाही.