किसनरावांचा रविवार

अमरावती, १४ मे २०२४

ती. मामांस, आचलचा सा. सलाम.

फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि अर्धं मनाचं घालता, म्हणून लिहिते. अकोल्याच्या उन्हात दुपारची सायकल काढू नका.

इकडे पेच पडलाय. सव्वीस तारखेच्या चर्चमधल्या उपासनेत शास्त्रवाचन आणि दोन शब्द माझ्याकडे आलेत. पाळकांनी शब्बाथाची आज्ञा नेमून दिली: सातव्या दिवशी तू विसावा घे, तुझ्या दासदासींनीही घ्यावा, बैलानंही. आणि पहिल्या बाकावर कोण? माझे सासरे! नांदगाव पेठेच्या त्यांच्या शिलाई कारखान्यात शाळेच्या गणवेशांचं काम आहे, त्यामुळे होळीपासून बायांना एकही रविवार सुटी नाही. मनकर्णाबाई तिथल्या सगळ्यात जुन्या कारागीर. त्या घरी येऊन विनवून गेल्या. शाळा उघडेपर्यंत सुटीचं नाव काढू नका, असं बाबांनी सांगितलं.

तुमचा जावई पियुष म्हणतो, दुसरा उतारा मागून घे, घरात वादळ नको. मी काय करू?

तुमच्या मायेची,
आचल

अकोला, १८ मे

चि. आचलस, अनेक आशीर्वाद.

सायकल काढतो, काढणार. उतारा बदलून कोणता घेशील? यशया संदेष्टा उघडलास तर तो विचारतो, उपास धरता आणि मजुरांना राबवता? आमोस त्याहून तिखट. येशूकडे धावलीस तर तो आधीच दीनदुबळ्यांच्या पंगतीत जाऊन बसलेला. पळायला जागा नाही, बाई!

पण तुझे सासरे किसनराव कठोर माणूस नव्हेत. तुझी आई आजारी होती तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन तेच यायचे. भर मंडळीत त्यांना गाठणं न्यायाचं असेल, प्रीतीचं नाही. काय वाचणार ते आधी घरी सांग. मग वाच, एक शब्दही न गाळता. मामी विचारते, रविवारी तुझ्याकडची भांडी कोण घासतं?

माया वाढत राहो.
देवमनमामा

अमरावती, २६ मे, दुपार

ती. मामांस, सा. सलाम.

बुधवारी सांगितलं. बाबा कडाडले, मले माह्याच घरात उपदेश करून राहिली काय म्हणाले. आज पहिल्या बाकावरची त्यांची जागा रिकामी! तरी मी वाचलं, एकही शब्द गाळला नाही. बाबा अजून घरी नाहीत, फोन उचलत नाहीत. पियुष शोधायला निघालाय. जीव टांगणीला लागलाय.

भांडी आज आम्ही दोघांनी घासली. एक कप फुटला, मामीला सांगा.

आशीर्वाद असू द्या.
आचल

नांदगाव पेठ, २ जून

प्रिय देवमनराव, स. सलाम.

भाचीनं माही तक्रार तुमच्याकडे पोचवलीच असंल, त बाकीचं माह्याकडून ऐका.

त्या रविवारी रागानं चर्चले न जाता मी थेट कारखान्यात गेलो. मले पाहून मशिनी थांबल्या. मनकर्णाबाई घाबरून जवळ आली. म्हणे, साहेब, आज तुमचा रविवार, तुमी चर्चले नाही गेले? घरी कोनी बिमार हाये काय?

तिले खरंच काळजी वाटली, देवमनराव. तुमचा रविवार म्हणाली. तिचे रविवार त मीच खाऊन बसलो होतो. मेन स्विच माह्याच हातानं पाडला, अन् बायांले म्हटलं घरी जा. एकीनं विचारलं, कामावरून काढून राहिले काय? लय लाज वाटली. पियुष आला तवा मी एकटाच बसून होतो.

सोमवारी शाळेवाल्यांशी भांडलो. लहान वर्गांचे कपडे आधी, मोठ्यांचे मागून, असं ठरलं. आता रविवार म्हणजे बंद. जोशात मी चौकीदार गजेंद्रलेही सुटी देऊन टाकली, मग ध्यानात आलं, गेटवर कोन? म्हणून उपासना आटोपून मीच खुर्ची टाकून बसलो हाये. आचलनं डब्यासोबत टोपीही देली.

आत्ताच एक ॲटो थांबला. मनकर्णाबाई, तिची लेक अन् नातवंडं नवे कपडे घालून लग्नाले निघाली होती. मले गेटवर पाहून बाई पदर तोंडाले लावून हसली. म्हणे, ध्यान ठेवजा साहेब, आमी येतो उद्या.

लोभ आहेच, तो कमी करू नका.
तुमचा व्याही,
किसनराव