कुंदाचे केस

प्रिय कुंदा,

गेल्या रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलुंडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये मी उभी राहून ओरडले, "हे आमच्या कुंदाचे केस आहेत!" तुझ्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून हे पत्र.

वरच्या मजल्यावरच्या सईची ती पहिली फिल्म. वीतभर बाहुल्या. जराशा हलवायच्या, फोटो काढायचा, पुन्हा हलवायच्या. दोन वर्षं पोरगी तेच करत होती. आणि गोष्ट काय? मेलेली बहीण रोज संध्याकाळी कपाटातून बाहेर येते, जिवंत बहीण तिचे केस विंचरते. दर वेळी मूठभर फणीत येतात. डोकं तुळतुळीत झालं तरी बाई विंचरतेच आहे! शी! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहुलीचे ते केस, टोकाला मेंदी, मुळाशी पांढरे. मी ओळखणार नाही?

केमोच्या दिवसांत मी विचारायचे, "गुंतवळ कुठे टाकतेस गं? कोणी करणी करेल." नन्सनी शिकवलेली मी, आणि बोलणं आजीचं! तू म्हणायचीस, "कचऱ्यात, ताई." खोटारडे!

"मावशी, त्यांनीच दिले," सई रडवेली झाली. "बिस्किटांच्या डब्यात साठवून. म्हणाल्या, ताईला सांगू नकोस, डोळे वटारेल. आणि म्हणाल्या, मी गेल्यावर तिला भांडायला कोणीतरी लागेल."

मरणाच्या गोष्टी तिच्याशी, आणि माझ्याशी फक्त दुधी की दोडका? का गं?

शूटिंगमधल्या त्या मेलेल्या बहिणीच्या दोन बाहुल्या बाहेर टेबलावर मांडल्या होत्या, एक टकली, एक केसांची. केसांची मी सरळ पिशवीत टाकली. आता ती तुझ्या खुर्चीत, साखरेच्या बरणीला टेकून बसते. मी बोलते, ती ऐकते. चहा मात्र अजून दोन कप होतो.

काल सई आली. "मावशी, शुक्रवारी परदेशात महोत्सवाला निघतेय. बाहुली न्यायचीय. प्लीज ना."

"तिचा पासपोर्ट आहे का?" मी म्हटलं.

आली तशी जिना चढून गेली. भांडलीसुद्धा नाही, कुंदा! कसली माणसं नेमून गेलीस तू?

तुझं एवढंच उरलंय माझ्याकडे. देऊ की ठेवू? तोवर तिला फणी लावणार नाही, हे वचन. एकही केस कमी होऊ देणार नाही.

गुरुवारी संध्याकाळच्या चहाच्या आत उत्तर हवं. लेखी, तुझ्या त्या वळणदार शाळकरी अक्षरात. नाही आलं, तर बाहुली सईची.

वाट बघणारी,
ताई