टाके बघायला आलेल्या बाया

आंधळगाव, ११ सप्टेंबर १९७९

ती. तुळसाताईस,

धाकट्या रुखमाचा शहापूरपर्यंत पोचेल असा वाकून नमस्कार (डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा कागदावरच वाकले असं समज). भाऊजींचा दमा, तुझे गुडघे आणि तुमची ती मारकी म्हैस, सगळ्यांची खुशाली कळव. इकडे मी, बाळ आणि टाके सुखरूप आहोत. टाक्यांचं नाव वेगळं घेतलं, कारण सध्या या घरात खरा मान त्यांचाच आहे.

धानाची रोवणी आटोपली, कापणीला अवकाश, त्यामुळे बाया मोकळ्या. येतात बाळ बघायला म्हणून, पण त्याच्याकडे बघितल्यासारखं करून लगेच माझ्या पोटाकडे वळतात. आमच्या आळीत पोट कापून बाळंत झालेली मी पहिलीच. सासूबाई (चंद्रभागाबाई, तुला माहीतच आहे, कुणाला नाही म्हणत नाहीत) माझा पदर बाजूला करून दाखवतात. टाके अकरा आहेत. बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकवीस झाले होते. जनाबाई दाईला तर फारच राग आला. आळीतलं एकूण एक पोर तिच्या हातून झालेलं. "ह्याले का बाळंतपण म्हणतेत वो? हे त शिवणकाम होय!" म्हणाली. पण पोट बांधायचा हक्क काही सोडेना. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला सासूबाई, मध्ये मी, आणि जुनं धोतर धानाचं पोतं आवळावं तसं आवळलं. डॉक्टर नको म्हणाले होते हे मला सांगायचं होतं, पण सांगायला श्वास लागतो. धोतरावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा जनाबाईनेच घाईघाईने गाठ सोडली. आता रोज येते, दारातूनच विचारते, "दुखून नाही ना राहिलं, बाई?" आणि जाते.

सगळ्यांत वाईट म्हणजे कळांच्या गप्पा. बाया बसल्या की आपापल्या कळा काढतात, कुणाच्या किती, कुणी दात किती आवळले. मी सकाळपासून बैलांच्या खासरात, मग जीपमध्ये, भंडाऱ्यापर्यंत कळा दिल्या (यांनी बैल इतके जपून हाकले की बैलच कंटाळले), पण माझ्या कळा कुणी धरत नाही. शेवटी भुलीत झोपले होते ना. आणि ताई, तेच मला खुपतं. लेक पहिल्यांदा रडली तेव्हा मी ऐकलं नाही. जाग आली तर मुलगी आंघोळ करून, टोपडं घालून सासूबाईंच्या मांडीवर. ही आपलीच, हे मला दुसऱ्यांनी सांगावं लागलं.

आणखी एक सांगते, हसू नकोस. सगळ्या आळीने बघितलं, मी अजून बघितलेलं नाही. आंघोळ लुगड्यासकट करते. पोट पुढे लोंबतं, त्याच्या आडोशाला ती खूण आहे एवढं ठाऊक आहे. लुगड्यावरून हात लावला तर हाताला पोट लागतं, पोटाला हात लागत नाही. दुसऱ्या कुणाचं तरी अंग घेऊन घरी आले असं वाटतं. हे विचारतात, "दुखते का?" पण भिंतीकडे बघून. मीही भिंतीलाच सांगते, नाही म्हणून. रोज ठरवते, आज बघायचं, आणि रोज पदर खोचून कामाला लागते. भीती वाटते गं, बघितलं आणि ते आपलं वाटलंच नाही तर?

बाकी सर्व ठीक. मुलगी दूध बरं पिते.

तुझी,
रुखमा

ता. क. आईला यातलं काही सांगू नकोस. लठ्ठ झाली आहे म्हण. ते खोटंही नाही.

ता. क. दुसरा. पत्र बंद करत होते, पण राहवत नाही. सगळा गाव येऊन गेला, तूच आली नाहीस, आणि का ते मला ठाऊक आहे. तुझा लेक दोन दिवस पोटात अडून गेला, तेव्हा तुला भंडाऱ्याला न्यायचं कुणाला सुचलं नाही. तुझ्या पोटावर एक ओरखडा नाही, आणि मी कापल्याचं रडगाणं तुलाच लिहायला बसले. फाडून टाकणार होते. पण मग कुणाला लिहू? ताई, ये. दुसऱ्या कुणासमोर माझ्याने बघवणार नाही. मुलगी तुझ्या मांडीवर देते, दार लावून घेऊ, आणि ती कुठून आली ते दोघी मिळून बघू.